जिवंत माणसाच्या फोटोला हार

१

राज विधातेचं डोकं मॉनिटरमध्ये सापडलं. बाकीचा राज बाहेर होता, चपला काढून, खुर्चीत नीट बसलेला.

त्याची भागीदार मंजुषा खैरनार रोज त्याच्या मागे लागायची, "अरे, एकदा तरी माझ्या मशीनमध्ये डोकं घालून बघ, इथे काय दिसतंय ते!" राजने जिवंतपणी तिचं ऐकलं नाही. त्या दिवशी दुपारी सातपूरच्या एका कारखान्यातलं काम उरकून ती परत आली, तेव्हा त्याचं डोकं तिच्याच मशीनमध्ये होतं. कानापर्यंत.

सन २००५, वैशाख महिना. नाशिकला पंचवटीतल्या अरुंद गल्लीत, पूजासाहित्याच्या दुकानावर त्या दोघांचं एका खोलीचं ऑफिस होतं. लोकांना वेबसाइट बनवून द्यायच्या, हा धंदा. खाली दुकानदाराने काहीच ऐकलं नव्हतं, कारण दुपारभर गल्लीतून एकामागून एक वराती चालल्या होत्या. त्या बँडच्या आवाजात वर एखादा माणूस मेला असता तरी कळलं नसतं, आणि कळलंही नाही.

फौजदार प्रतिभा धात्रक नाकाला रुमाल लावून खोलीत शिरल्या. मागोमाग हवालदार भोये आला. पेठ तालुक्यातला माणूस, बोलायला कमी आणि बघायला पुष्कळ.

"आधी मागून हे घातलंय," तो जमिनीकडे बोट दाखवत म्हणाला. तिथे तारांसकट उपटलेला यूपीएस पडला होता. एका कोपऱ्याला केस चिकटले होते. "मग मानगूट धरून काचेत कोंबलंय. दोनदा. एकदा मरायला पुरलं असतं, मॅडम. दुसऱ्यांदाचं रागाचं हाय."

"चोरी?"

"पाकीट खिशात हाय. घड्याळ हातात हाय. चालू हाय."

कीबोर्डच्या बटणांच्या फटींतून रक्त सुकत आलं होतं. शेजारी राजचं स्वतःचं मशीन मात्र शाबूत होतं आणि आपल्या जागी शांतपणे उजळलेलं होतं. पडद्यावर एक पान उघडं होतं. 'समाधान फ्लॉवर्स, लग्नमंडप सजावट.' मधोमध झेंडूचा घसघशीत हार आणि हारात लाल फेटेवाला एक गृहस्थ, सोन्याचा दात दाखवून हसणारा. त्याच्या फेट्यावर रक्ताचे थेंब उडाले होते. तो तरीही हसतच होता.

प्रतिभाबाईंना पहिल्यांदा वाटलं, हा कधी वारला?

"कोण हा?" त्यांनी विचारलं.

मंजुषा जिन्यात बसली होती. नुकतीच ओकून आली होती. "समाधान मौले. आमचा क्लायंट. फुलांचा व्यापारी आहे."

"जिवंत?"

"चांगलाच. काल इथे येऊन त्याने राजच्या दोन थोबाडीत दिल्या. आणि जाताना म्हणाला, आता नीट केलं नाहीस, तर तुझं डोकं त्या खोक्यात घालीन."

२

समाधान मौलेला फुलबाजारातून उचलला तेव्हा त्याच्या हातात हार ओवायची लांब सुई होती. ती जप्त झाली. खून सुईने झाला नव्हता, पण पोलिसांचा हात रिकामा राहू नये अशी पद्धत आहे.

तो ठाण्यात पोचला आणि पाठोपाठ राजचे चुलतभाऊ पोचले. काठ्या, सळया आणि एकाच्या हातात क्रिकेटची बॅट. पहिल्या दगडाने खिडकी फुटली, दुसऱ्याने पहाऱ्यावरच्या शिपायाची भुवई. तिसरा समाधानची बायको रंगूबाई हिच्या खांद्यावर बसला. ती फाटकाशी बसून होती. तिने खांदा चोळला आणि तिथेच बसून राहिली.

"सहाच्या आत कबुली पाहिजे," मोठे साहेब म्हणाले. "नाहीतर ही पोरं आत येऊन आपापली घेतील." असं म्हणून त्यांनी कमरेचा पट्टा सोडला. ठाण्यात त्या पट्ट्याला सगळे अदबीने 'दुसरं मत' म्हणत.

"आधी मला बोलू द्या, साहेब," प्रतिभाबाई म्हणाल्या.

समाधान बाकावर बसला होता. फेटा सुटलेला, ओठ सुजलेला. रस्त्यात येतानाच भावांनी त्याला थोडं गाठलं होतं.

"मारलं का त्याला?"

"काल मारलं. दोन दिल्या. नाय म्हणत नाय. आज त्याचं तोंडसुदिक पाहिलं नाय. दुपारी नदीवर बसलो होतो, डोकं थंड करीत."

"कोणी पाहिलं?"

"नदीनं."

"काल कशाला मारलं?"

समाधानच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यानं माझ्या तोंडाला राख फासली, ताई! पोरीचं जमत आलं होतं. व्याही म्हणले, तुमचं इंटरनेटवर हाय म्हणे, दावा. द्वारका चौकातल्या इंटरनेट कॅफेत नेलं सगळ्यांना. पान उघडलं तर काय? हार हाय, आन् हारात माणूसच नाय! राखाडी पाटी. जसं कोणी राख थापलीय तोंडावर. विहीणबाई उठल्याच. म्हणल्या, अपशकुन हाय. राजकडं गेलो, तर तो काय म्हणतो? माझ्याकडं तर चांगलं दिसतंय! तीनदा गेलो, तीनदा तेच. मंग हात उठला."

"पण समाधानराव," प्रतिभाबाई म्हणाल्या, "मी आत्ताच ते पान पाहून आले. तुमचा चेहरा स्वच्छ दिसतोय. फेटा, दात, सगळं."

"खोटं हाय! देवाशपथ खोटं हाय!"

दारात उभ्या साहेबांनी हे ऐकलं. "ऐकलंस? फौजदारबाई डोळ्यांनी बघून आल्या, आणि हा त्यांनाच खोटं ठरवतोय. चल रे आत."

प्रतिभाबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याच वाक्यावर तो माणूस आत निघाला होता. दार लागलं. मग पट्ट्याचा आवाज आला. त्यानंतर समाधानचा.

३

मंजुषाने आणखी एक नाव दिलं होतं, वाळूनाना जेजुरकर. पंचवटीतला जुना छापखाना त्यांचा. राज पोरवयापासून त्यांच्या हाताखाली होता, पत्रिकांची मांडणी शिकला तो तिथेच. मग संगणकाच्या नादाने छापखाना सोडला, आणि नानांनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

छापखान्यात रॉकेल आणि शाईचा वास होता. नाना कटिंग मशीनचा दांडा दाबत होते. साठीचा माणूस, पण हात असे की कागदाच्या गठ्ठ्याने आपण होऊन कापून घ्यावं.

"कळलं," ते मान खाली घालून म्हणाले. "पोरगं माझ्या मांडीवर वाढलं. त्याच्या आईला काय तोंड दाखवू?"

"आज दुपारी कुठे होता, नाना?"

"द्वारकेला. कॅफेत. म्हटलं, ज्याच्यापायी पोरगं छापखाना सोडून गेलं ते इंटरनेट तरी बघावं एकदा. पैल्यांदाच गेलो. तिथल्या मालकाला इचारा."

"राजच्या ऑफिसात कधी गेला होता?"

"त्याच्या जिन्याला पाय लावला नाय कधी. घरी काँप्यूटर नाय, दुकानात नाय. मला काय करायचाय?"

"मग कॅफेत काय बघितलं?"

नानांच्या चेहऱ्यावर जरा ऊन पडलं. "समाधानचं पान बघितलं. राजनं केलेलं. तिथल्या पोरानं लावून दिलं. आहो, हासावं का रडावं! जित्या माणसाच्या फोटोला हार! आन् हा बाबा त्यात सोन्याचा दात दाखवून बसलाय. म्हटलं, तेराव्याला जेवायला कधी यायचं, तेवढं लिहायचं राहिलंय."

भोये हसला. प्रतिभाबाईंनाही आपल्या मनातलंच कोणी बोलल्यासारखं झालं.

"काम कसं वाटलं?"

"काम चोख. कडा कुठं फाटलेली नाय. माझ्याच हातचं शिकलेलं." नानांनी वाळत घातलेल्या लग्नपत्रिकांपैकी एक उचलून दाखवली. "हे प्रूफ बघा. गिऱ्हाइकानं पास केलं, की हजार कागद तसेच. पंचवटीत वाचा का दिल्लीत वाचा, नवरीचं नाव नवरीच्याच जागी. छापण्यात लबाडी नसती, ताई."

बाहेर येऊन प्रतिभाबाईंनी कॅफेच्या मालकाला फोन लावला. हो, म्हणाला, एक म्हातारे बाबा दुपारी येऊन बसले होते खरे. नक्की कधी ते सांगता येणार नाही, आज गर्दी फार.

प्रतिभाबाईंनी नानांचं नाव मनातून खोडलं. ठाण्यात शिरताना त्यांना समाधानचा आवाज ऐकू आला. तो आता ओरडत नव्हता. तो आता वेगळंच काहीतरी करत होता, ज्याला मराठीत चांगला शब्द नाही.

४

मंजुषा जबाब द्यायला येऊन बसली होती. सातपूरच्या कारखान्याने ती दुपारभर तिथेच होती असं कळवलं होतं, त्यामुळे तिला चहा मिळाला होता.

"एक सांगा," प्रतिभाबाई म्हणाल्या. "समाधान इतकं धडधडीत खोटं का बोलतोय? फोटो तर चांगला दिसतोय."

मंजुषाने कप खाली ठेवला. "इथे कॉम्प्युटर आहे?"

साहेबांच्या केबिनमध्ये होता. त्याच्यावर क्रोशाचं आच्छादन होतं आणि आच्छादनावर गणपती. साहेब त्यावर पत्ते खेळत. मंजुषाने गणपती बाजूला ठेवला, फोनची तार जोडली आणि पान उघडलं.

हार आला. झेंडू आले. आणि हाराच्या मधोमध राखाडी रंगाची एक सपाट पाटी आली. फेटा नाही, दात नाही, माणूसच नाही.

"कोणी बदललं हे?" प्रतिभाबाई ताडकन उठल्या.

"कोणी नाही. ते पहिल्यापासून असंच आहे." मंजुषाने पडद्याच्या कोपऱ्यातल्या निळ्या 'ई'वर बोट ठेवलं. "वेबसाइट म्हणजे छापलेला कागद नसतो, मॅडम. आम्ही फक्त सूचना पाठवतो. वाचून दाखवणारा प्रोग्राम ज्याचा त्याचा. हा निळा ई वाला सगळ्यांकडे असतो. राजच्या मशीनवर नवीन होता, तो कोल्ह्याच्या चित्राचा. फोटोवर राजने हाराचं वेगळं चित्र ठेवलं, मधून आरपार दिसणारं. कोल्ह्याला ते आरपार कळतं. ई ला कळत नाही. तो आरपार जागा सरळ राखाडी रंगाने भरून टाकतो. खालचा चेहरा गडप."

"आणि हे राजला माहीत नव्हतं?"

"मी घसा कोरडा केला! तो म्हणायचा, माझ्याकडे नीट दिसतंय म्हणजे कोड बरोबर आहे, गिऱ्हाइकाचं मशीन बिघडलंय. कधी मान वळवून शेजारी बघितलं नाही त्याने."

"दुरुस्त करायला किती वेळ लागतो?"

"हाराचं चित्र जुन्या पद्धतीचं घालायचं, की दोन्हीकडे बरं दिसतं. चहा उकळेपर्यंतचं काम." मंजुषाने रिकाम्या पाटीवर बोट टेकवलं. "मी उद्या त्याच्या नकळत करणार होते."

शेजारच्या खोलीत काहीतरी जड जमिनीवर आपटलं. समाधान खरं बोलला होता, आणि त्या खरं बोलण्याची किंमत तो त्या आपटण्याच्या जागी मोजत होता.

"तो कोल्हा आणखी कुणाकडे आहे?"

"पंचवटीत? मला तरी माहीत नाही."

"द्वारकेच्या कॅफेत?"

"छे! मालक मशीनला हात लावू देत नाही. तिथे फक्त ई. म्हणून तर मी नेहमी तिथे जाऊन तपासते, लोकांना काय दिसतंय ते."

प्रतिभाबाईंनी पुन्हा त्या राखाडी पाटीकडे बघितलं. मग त्यांच्या कानात कुणीतरी हसलं. सोन्याचा दात दाखवून बसलाय, असं म्हणून हसलं.

त्या बाहेर धावल्या. साहेब बाह्या खाली करत येत होते.

"झाली कबुली," ते म्हणाले. "कोयत्याने मारलं म्हणतो."

"साहेब, कोयता नव्हताच. यूपीएस होता."

"मग यूपीएस म्हणेल. जरा उसंत द्या."

"मला तासभर द्या. खुनी आणून देते. तोवर त्याला हात लावू नका."

साहेबांनी फुटक्या खिडकीतून बॅटवाल्या भावाकडे बघितलं. "तासभर. तेवढ्यात माझाही खांदा जरा मोकळा होईल."

५

"नाना, एक लहानसं काम," प्रतिभाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्ही दुपारी बघितलंत ते पान साक्षीसाठी लागणार. कुठल्या मशीनवर बघितलं तेवढं दाखवा."

वाळूनाना जीपमधून द्वारकेला आले. कॅफेत प्लायवूडचे खण होते, प्रत्येकात एक खुर्ची आणि एक मशीन. नानांनी कोपऱ्यातला खण दाखवला. बसले. भोये दाराशी उभा राहिला. प्रतिभाबाईंनी मालकाला पान लावायला सांगितलं.

हार आला. झेंडू आले. राखाडी पाटी आली.

नाना पुढे झुकले. मागे झाले. पुन्हा पुढे झुकले.

"हे ते नाय," ते म्हणाले.

"तेच आहे."

"फोटू कुठंय?"

"तेच विचारतेय. सोन्याचा दात कुठे बघितला, नाना?"

"बदललं कोणी तरी! मी बघितलं तवा होता. फेटा होता!"

"इथे कधीच नव्हता. शेजारच्या मशीनवर बघा. त्याच्या शेजारच्या बघा. नाशिकभर फिरा. समाधानचा चेहरा दिसणारं मशीन आमच्या माहितीत एकच आहे, राजच्या टेबलावरचं. आणि तुम्ही तर त्याच्या जिन्याला पाय लावला नाही."

नानांनी पडद्याला हात लावला, शाई ओली आहे का बघावं तसा. आयुष्यभर त्यांनी एक प्रूफ बघून हजार प्रतींची खात्री दिली होती. राजच्या पडद्यावर एक प्रत बघितली, ती त्यांनी इथेही गृहीत धरली; दुपारी इथे येऊन ते नुसते बसले होते, पान उघडलंच नव्हतं. त्यांच्या धंद्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

"एकच पान," ते पुटपुटले, "हितं येगळं, तितं येगळं? असल्या थोतांडापायी गेला तो माझ्याकडून?"

"कशाला गेला होता त्याच्याकडे?"

"न्यायला!" नाना एवढ्याने ओरडले, की शेजारच्या खणातली पोरं बाहेर पळाली. "छापखाना त्याच्या नावावर करायला! म्हटलं, चूक झाली माझी, बोलत नव्हतो ती. परत ये. तर हासला. मला त्याच्या खुर्चीत बसवलं, सोता शेजारच्या खुर्चीत बसला आन् म्हणतो, नाना, हा हार बघा कसा घातलाय. छापखान्याचा फोटू द्या, त्यालाबी घालतो."

आणि पुढचं बोलण्याऐवजी त्यांनी करून दाखवलं. मॉनिटर दोन्ही हातांनी उचलला आणि प्रतिभाबाईंच्या डोक्यावर घातला. बाई वाकल्या, तो खांद्यावर बसला. गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःलाच स्पष्ट ऐकू आला. भोये दारातून झेपावला, प्लायवूड फुटलं, तिघे एकमेकांवर पडले. नानांनी भोयेचा गळा धरला आणि आवळत नेला, शांतपणे, दांडा दाबावा तसा. भोयेचा चेहरा जांभळा झाला. प्रतिभाबाईंनी चांगल्या हाताने कीबोर्ड उचलून नानांच्या कानशिलावर हाणला. पुन्हा हाणला. बटणं सगळीकडे उडाली. तिसऱ्या फटक्याला नानांची बोटं सुटली.

भोये खोकत खोकत बेडी घालू लागला. नानांची बाही वर सरकली, तेव्हा कोपरापर्यंत काचेच्या ताज्या बारीक जखमा दिसल्या.

"दुसऱ्यांदा कशाला कोंबलंत, नाना?" भोयेने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हासणं थांबलं नाय म्हणून," नाना म्हणाले. "तो मेला होता. मला दिसत होतं. पन हासणं थांबलं नाय."

६

हात गळ्यात बांधून प्रतिभाबाई ठाण्यात परतल्या. बाहेर भाऊ अजून होते. त्यांना नवीन नाव सांगण्यात आलं, तशी ती मंडळी काठ्यांसकट छापखान्याकडे निघाली आणि काही वेळाने तिकडे धूर दिसू लागला. साहेबांनी तिकडे दोन शिपाई पाठवले. सावकाश जा, म्हणाले.

समाधान कोपऱ्यात भिंतीला टेकून होता. एका हाताची बोटं भलत्याच दिशेला वळली होती. प्रतिभाबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. रंगूबाई दारात उभी राहिली.

"समाधानराव, सुटलात तुम्ही. खुनी सापडला. तुम्ही काही केलेलं नाही."

त्याने सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून बघितलं आणि मोडक्या हातासकट दोन्ही हात जोडले.

"केलं, ताई. मीच केलं."

"अहो, वाळूनानांनी कबूल केलंय."

"नाय, मीच. कोयता नव्हता, चुकलं माझं. ते दुसरं होतं ना, ते. तुमी म्हणाल ते. पुन्यांदा नका."

साहेब मागे खाकरले. "चहा सांगा रे त्याला."

रंगूबाई आत आली. साहेबांना खांदा लावून तिने बाजूला केलं, नवऱ्याजवळ बसली आणि त्याची मान आपल्याकडे वळवली. "आवो, माझ्याकडं बघा. म्हणा, मी नाय मारलं."

समाधानची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली.

"म्हणा."

"साहेब कुठंय?" त्याने हळूच विचारलं.

वाळूनानांच्या कबुलीला उभ्या उभ्या पाच मिनिटंही लागली नव्हती. समाधानकडून नकार घ्यायला त्या दोन बायका काळोख पडेपर्यंत बसून होत्या, आणि शेवटी तो जे म्हणाला, ते साहेबांना खोलीबाहेर घालवल्यावरच म्हणाला.